बसलेली सीट

माझा थोरला भाऊ, तात्या, एका बारशाच्या जेवणात चारचौघांदेखत म्हणाला, "आमच्या किसनला पहिली गोष्ट मिळाली तीच मुळी फुकट मिळाली, मग काय, पुढं सगळं फुकटच." पंगत हसली. मी ताटावरून उठलो. जिलबी तशीच राहिली. त्याला सात वर्षं झाली. तात्या सोलापुरात माझ्या घरापासून तीन चौक सोडून राहतो आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही. ती पहिली गोष्ट म्हणजे सायकलची एक कातडी सीट. ती फुकट नव्हती. तिच्या बदल्यात मी एक आख्खं घोंगडं मोजलं होतं, आणि तेही गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं. मी रागीट आहे असं घरचे म्हणतात, आणि ते तसं म्हणाले की मला राग येतो. पण सौद्याच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेलो नाही. म्हणून ती सीट कशी आली, तिच्याबरोबर आणखी काय आलं, आणि ते कसं गेलं, हे एकदा नीट लिहून ठेवतो.

सांगोल्याच्या पश्चिमेला माळावर आमची वस्ती होती. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आई, तात्या, मी आणि शंभरेक मेंढरं. आई लोकर पिंजायची आणि चातीवर सूत काढायची, तात्या खड्ड्यातल्या मागावर बसून घोंगडी विणायचा. आमच्या घराचा आवाज म्हणजे त्या मागाचा ठोका. पहाटे सुरू व्हायचा तो भाकरीच्या वेळेला थांबायचा, आणि थांबला की आपण बहिरे झालो असं वाटायचं. चुलीवर दोन पातेली कायम असायची. एकात घोंगड्याला द्यायची चिंचोक्यांची खळ आणि दुसऱ्यात हुलग्याचं माडगं. दोन्ही दिसायला सारखी. एकदा आईनं घाईत तात्याला खळच वाढली आणि त्यानं अर्धी वाटी पिऊन "आज मीठ कमी हाय" असं म्हटलं. आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. तात्या तेव्हाही हसला नाही. त्याला कुठलीही गोष्ट मनात ठेवायची सवय आहे. मला बोलून दाखवायची. एवढाच आमच्यात फरक.

मला मेंढरामागं जायचं नव्हतं. माझं म्हणणं असं, की घोंगडी एसटीत टाकून सोलापूरच्या व्यापाऱ्याला एकरकमी देण्यापेक्षा सायकलवर लादून गावोगाव फिरावं, मंगळवेढ्यापर्यंत आणि भीमा ओलांडून सोलापूरपर्यंत. मृगाच्या आधी प्रत्येक गुराख्याला घोंगडं लागतंच. दारात माल आला तर घेणारा भाव करतो, पण घेतो. तात्यानं महिनाभर "न्हाय" म्हटलं. मी महिनाभर जेवताना रोज तोच विषय काढला. शेवटी तो म्हणाला, "ह्यो गठ्ठा घे. मृग निघायच्या आत संपवलास तर सायकल तुजी आन धंदा तुजा. न्हाय संपला तर काठी घे आन मेंढरामागं जा, पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाय." आई म्हणाली, "एवढं कशाला रं ताणतुस?" पण त्याचं ठरलं होतं. माझं सगळं आयुष्य त्या एका गठ्ठ्यावर आलं.

आता, सायकलवर लांबचा पल्ला मारायचा म्हणजे पायात ताकद पाहिजे असं लोकांना वाटतं. पाय कधीच दगा देत नाहीत. दगा देते ती बैठक. घरच्या जुन्या सायकलला रेक्झिनची, आत काथ्या भरलेली सीट होती. पहिल्या आठवड्यात माझी सालटं निघाली, दुसऱ्या आठवड्यात गळू झालं. मी उभ्यानं पायडल मारत गावात शिरायचो आणि लोकांना वाटायचं पोरगं जोरात आहे. आई करंजाचं तेल लावायला द्यायची. तिनं मेंढीचं कातडं लोकरीसकट सीटवर शिवून दिलं. दहा मैल स्वर्ग वाटला, मग घामानं त्याच्या गाठी झाल्या आणि त्या गाठींवर बसणं म्हणजे बाभळीच्या ढिगाऱ्यावर बसणं. तात्या रात्री जेवताना उभ्यानं भाकरी खाणाऱ्या माझ्याकडं बघायचा आणि काही बोलायचा नाही. ते न बोलणं मला अजून आठवतं.

चिंचोळी एमआयडीसीत आज माझी शेड आहे. सायकल आणि दुचाकीच्या सीटा बनवतो. लोक येतात आणि अंगठ्यानं सीट दाबून बघतात, मऊ लागली की खूश होतात. मी त्यांना सांगतो, अंगठ्याला काय कळतं? माणूस बसतो तो ढुंगणातल्या दोन हाडांवर. मऊ गादीत ती हाडं बुडतात आणि मग सगळा भार मांसावर येतो. हे मला सोलापुरात एका म्हाताऱ्या सायकलवाल्यानं शिकवलं. त्याला सगळे चाचा म्हणायचे. विणकरांच्या वस्तीत त्याचं दुकान होतं, समोरून दिवसभर तेलुगू बोलणारी माणसं सूत घेऊन जायची आणि चाचा सगळ्यांशी आपल्या दखनीतच बोलायचा. माझी चाल बघूनच त्यानं ओळखलं. "बैठने को नहीं होरा ना? हौ, दिख रा. नरम सीट पहले दस मील तेरी दोस्त, बाद में हड्डी मांस में घुसती. चमडे की ले. साल भर रुलाएगी, फिर तेरे जैसी बैठ जाएगी." माझ्याकडं साल नव्हतं, मृगाला महिना राहिला होता. मी विचारलं, जुनी, बसलेली मिळाली तर? चाचानं हातातला पाना खाली ठेवला. "दूसरे की बैठी हुई नको ले रे, किसन. वो उसकी हड्डी पहचानती, तेरी नहीं."

मी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी तशीच सीट घेतली.

परतीच्या वाटेवर, मंगळवेढ्याच्या अलीकडं रस्त्याला लागून एक एकटं घर होतं. पाणी मागायला थांबलो. आत एक म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याला उठवत नव्हतं, म्हणाला डेऱ्यातलं तूच घे. पाणी पिताना माझी नजर भिंतीवर गेली. खुंटीला एक कातडी सीट टांगलेली होती. काळी, तुळतुळीत, खाली जाड स्प्रिंगा. वापरून वापरून तिला दोन खळगे पडले होते आणि डावा खळगा उजव्यापेक्षा बोटभर खोल होता. शेजारी ना सायकल, ना पंप. नुसती सीट, एखाद्या देवाच्या टाकासारखी लावलेली.

"काय घेशील आप्पा त्या सीटचं?"

"इकायची न्हाय."

सौदा करणाऱ्याला 'विकायची नाही' ही पहिली बोली असते. मी घोंगड्यांचा गठ्ठा सोडला आणि एकेक झटकून घड्या घालायला लागलो. म्हातारा बघत राहिला. मग त्यानं हात लांब करून एका घोंगड्याचा काठ धरला. ते जावळाच्या लोकरीचं होतं. कोकराची पहिली कातरण, तिला आम्ही जावळ म्हणतो. तिच्यासारखी मऊ लोकर पुन्हा त्या जनावराला येत नाही. त्यानं काठ चोळला, नाकाला लावला.

"ह्ये कुणी इणलं?"

"माझ्या भावानं."

"हात चांगला हाय त्याचा." जरा वेळानं म्हणाला, "ह्ये ठेव आन सीट ने."

"एका सीटला आख्खं घोंगडं? आन तेबी जावळाचं? सीट तर बसलेली हाय आप्पा, एका अंगाला कललीय. कोण बसायचं हिच्यावर?"

"माझा ल्योक. दगडू. आठ महिनं झालं, गेला."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण मी सौद्यात होतो. मी म्हणालो, "मी सीटचं देतो. बसणाऱ्याचं कशाला देऊ?"

"बसणाऱ्याचं मी काय मागतच न्हाय."

"मग वर काय देशील?"

आमच्याकडं सौदा मिटला की घेणारा वर काहीतरी मागतो. भाजी घेतली की वर कोथिंबिरीची काडी, शेंगा घेतल्या की वर एक मूठ. मिळालं नाही तर माणसाला फसल्यासारखं वाटतं. मी ते जिभेच्या सवयीनं म्हणालो. म्हाताऱ्यानं घोंगडं मांडीवर ओढून घेतलं.

"वर पायजे?"

"व्हय की."

"मग त्योच ने वर."

"त्यो कोण?"

"बसणारा."

मी हसलो. तो हसला नाही. मी खुंटीवरून सीट काढून घेताना तो तेवढंच म्हणाला, "त्यो नेईल तिकडं जा. लई ओढू नको."

सीट मी तिथंच बाहेर सावलीत बसवली. टोक किंचित वर, उंची अशी की पायडल खाली असताना टाच टेकावी. बसलो आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आईच्या मांडीची आठवण झाली. दोन्ही हाडं आपापल्या खळग्यात गेली, जणू तिथंच होती आणि परत आली. कुठं टोचणं नाही, घासणं नाही. मंगळवेढ्यापासून घरापर्यंत मी एकदाही उभा राहिलो नाही. फक्त शरीर थोडं डावीकडं कललं. मी म्हटलं, कॅरियरवरचा गठ्ठा डावीकडं सरकला असेल. दुसऱ्या दिवशी गठ्ठा उजवीकडं बांधला. तरी डावीकडंच कललो. स्प्रिंगा दर पायडलला एकदा कुरकुरायच्या, कुईं, आणि मग एक क्षण गप्प, पुन्हा कुईं. तेल घातलं. आवाज तसाच राहिला.

वैशाखातली दुपार आमच्या भागात कशी असते हे शहरात वाढलेल्याला सांगता येत नाही. काळ्या रानात एक झाड नाही. रस्ता लांबवर पाण्यासारखा हलतो. पाखरूसुद्धा ओरडत नाही. बारा ते तीन माणसं घरात आडवी होतात आणि गाव मेल्यासारखं पडतं. मी मुद्दाम त्याच वेळी जायचो, कारण गिऱ्हाईक घरात सापडतं. नव्या सीटवरून पहिल्या गावात शिरलो तेव्हा चावडीजवळ एक बाई हंडा घेऊन चालली होती. तिनं मान वळवली, मला लांबून पाहिलं आणि हंडा खाली ठेवून दिला. मी जवळ पोचलो तोवर तिच्या मागं दोन-तीन दारं उघडली होती. त्या बाईनं विचारलं, "कोण गेलं?"

"कुटं?"

"कुणाचं सांगायला आलायस?"

"मी घोंगडीवाला हाय. घोंगडी घ्या, मृगाच्या आधी-"

दारं लागली. एकही घोंगडं गेलं नाही. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या गावात तर एका म्हातारीनं मी वळणावर दिसताच छाती बडवायला सुरुवात केली, आणि मी माल विकायला आलोय हे कळल्यावर तिच्या मुलानं माझ्या कॅरियरवर ढेकूळ हाणलं. मीही शिव्या घातल्या. शेवटी एका पारावर बसलेल्या दाढीवाल्या माणसानं मला हाक मारली. "लेका, ही दगडूची सीट. तू तसाच बसतुस. तसाच वाकडा. आमाला वाटलं दगडूच आला."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्या काळी फोन नव्हते. कुणी मेलं की पै-पाहुण्यांना गावोगाव कळवायला माणूस धाडायचे. पूर्वी हे काम काही लोकांवर लादलेलं होतं, तो वेगळा आणि लाजिरवाणा विषय आहे. पुढं ज्याच्याकडं सायकल त्याच्याकडं ते आलं. त्या पट्ट्यात ती सायकल दगडूची. रीत अशी, की सांगावा आणणाऱ्यानं दारात खाली उतरायचं नाही, घरात शिरायचं नाही, पाणी प्यायचं नाही. एक पाय जमिनीला टेकवायचा, नाव सांगायचं आणि निघायचं. दगडू वीस वर्षं असा डावा पाय टेकवत आला. म्हणून डावा खळगा खोल. वीस वर्षं माणसं त्याची वाकडी सावली वळणावर दिसली की हातातलं काम टाकून उभी राहायची.

"आन ह्या सीटवर बसून तू काळी घोंगडी घिऊन दारात येतुस," तो माणूस म्हणाला. "कोण घील?"

शहाणा माणूस त्याच दिवशी सीट काढून फेकतो. मी काढली नाही. एक तर ती टोचत नव्हती, आणि ज्याची सालटं निघालेली असतात त्यालाच हे कळेल. दुसरं, मी तिला घोंगडं दिलं होतं. मी घेतलेली वस्तू मी टाकत नसतो. मी मुकाट फिरत राहिलो आणि गठ्ठा तसाच राहिला. मृगाला आठ दिवस उरले.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. घरी आलो होतो. आई अंगणात लोकर पिंजत बसली होती. मला पाहून ती उठली, आत गेली, तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, "नको." ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "किसन, उतर की." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी उतरलोच नव्हतो. माझ्याच घरापुढं, अंगणाच्या कडेला, डावा पाय जमिनीला टेकवून उभा होतो. आणि किती दिवसांपासून मी कुठल्याही गावात खाली उतरलो नव्हतो, कुणाचं पाणी प्यालो नव्हतो, हे आठवायला गेलो तर आठवेना. तात्या मागावरून उठून दारात आला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ आला. "बरं न्हाय का तुला?" मला त्याच्या मऊ आवाजाचाच राग आला. मी म्हणालो, "तू तुजं इण."

मंगळवेढ्याच्या रस्त्याला एक कवठाचं झाड आहे. तिथं डावीकडं एक गाडीवाट फुटते. रोज त्या झाडाशी आलो की सायकल डावीकडं ओढ घ्यायची. कललेला माणूस कललेल्या बाजूला जातो, यात नवल नाही. मी रोज हॅण्डल उजवीकडं दाबून पुढं काढायचो. मृगाला चार दिवस उरले होते त्या दिवशी दुपारी बाराला मी झाडापाशी आलो. हात थकले होते. मला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं, लई ओढू नको. मी हॅण्डल सैल सोडलं.

वाट कुठंही अडली नाही. खड्डे होते, पण चाक प्रत्येक खड्डा आधीच माहीत असल्यासारखं चुकवत गेलं. बाकी काही आवाज नव्हता, नुसतं कुईं, आणि गप्प, आणि कुईं. पायडल मी मारत होतो हे नक्की, पण भार वाटत नव्हता. मागं कुणीतरी बसलंय असं नाही वाटलं; तसं असतं तर बरं झालं असतं. मीच कुणाच्या तरी जागेवर बसलोय आणि तो उभ्यानं वाट बघतोय, असं वाटत होतं.

गाव लहान होतं. नाव लिहीत नाही, तिथं जी बाई भेटली तिची नातवंडं अजून तिथंच राहतात. शेवटच्या घराच्या अंगणात बाजेवर धोतर पसरून एक बाई कुरडया घालत होती. तिची माझ्याकडं पाठ होती. सायकल अंगणाच्या कडेला थांबली, माझा डावा पाय खाली गेला. स्प्रिंग कुरकुरली. बाईनं वळून न बघता, सोऱ्या न थांबवता म्हटलं, "दगडू, आज तरी उतर."

 कुरडईचा वेढा पुरा करून ती वळली. मला बघून दचकली नाही. माझं तोंड, माझा टेकलेला पाय, मग सीट, असं क्रमानं बघितलं.

"कोण गेलं?"

तीन आठवडे मी या प्रश्नाला रागानं उत्तर देत आलो होतो. त्या दिवशी राग आला नाही. मी म्हणालो, "दगडू गेला. आप्पानं सांगितलंय."

आप्पानं मला तसं काहीच सांगितलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर कळलं, की त्यानं दुसरं काहीच सांगितलं नव्हतं.

ती दगडूची बहीण, हौसाबाई. ती खाली बसली, पिठाच्या हातानंच कपाळ धरलं. मग हळूहळू सांगत गेली. तिच्या सासऱ्याचं आणि आप्पाचं लग्नातल्या मानपानावरून वाजलं होतं. सासऱ्यानं सांगितलं, तुझ्या माहेरच्यानं माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही. आप्पानं सांगितलं, तुझ्या दाराला माझा निरोपसुद्धा यायचा नाही. दोघंही शब्दाला पक्के. दगडू मात्र दर पंधरा दिवसांनी यायचा, अंगणाच्या कडेला एक पाय बाहेर टेकवून, सीटवरून न उतरता दोन शब्द बोलायचा आणि जायचा. सगळ्यांचे सांगावे त्यानं पोचवले. त्याचा पोचवायला कुणी नव्हतं.

"कवा गेला?"

"आठ महिनं झालं."

तिनं मान हलवली, जणू हिशेब जुळला. "तरीच. आठ महिनं सायकलीचा आवाज येतुया. दुपारचं बाराला. मी बाहीर येती तर कोण नसतंय."

मी त्या सीटकडं बघितलं. आठ महिने ती खुंटीला टांगलेली होती.

हौसाबाई आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. "उतर."

"सांगावा आणणाऱ्यानं-"

"ते त्याला म्हाईत. त्यानं कधी घेतलं न्हाय. तू कुणाचा कोण? उतर आन घे."

मी उतरलो. पाणी तोंडाला लावलं आणि तेव्हा मला कळलं की मी किती तहानलेला आहे. तीन तांबे प्यालो. ती बघत होती, आणि आता रडत होती. मी निघताना तिनं एक घोंगडं घेतलं. भाव केला नाही. तिनं वर काही मागितलं नाही, मीही काही सुचवलं नाही. घराघरात ती स्वतः माझ्याबरोबर आली, "ह्यो घोंगडीवाला, माझ्या भावाचा निरोप घिऊन आला," म्हणाली. संध्याकाळपर्यंत निम्मा गठ्ठा गेला. उरलेला पुढच्या तीन दिवसांत. मला लांबून बघून कुणी हंडा खाली ठेवला नाही.

पण त्या गावातून निघालो आणि पहिल्याच फर्लांगात सीट टोचली. डावं हाड खळग्यात जाईना, उजवं कडेवर आपटायला लागलं. घरी पोचेपर्यंत जुन्या जखमा उघड्या पडल्या. मला राग आला. मी तसाच दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडं गेलो, म्हटलं सौदा मोडायचा. तो जावळाचं घोंगडं गुडघ्यांवर घेऊन बसला होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"रडली?"

"आधी न्हाय. मागनं."

त्यानं घोंगड्याचा काठ घट्ट धरला. मग म्हणाला, "सीट ठेव. आता ती रिकामी हाय. आता तू बस."

आयुष्यात मला सौद्यात एकाच माणसानं हरवलं. घोंगडं घेतलं, शब्दही मोडला नाही, आणि निरोप माझ्याकडून पोचवून घेतला, तोही मीच वर मागितला म्हणून. हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही. आवाजाचं म्हणाल तर त्याचा मला अजून हिशेब लागलेला नाही, आणि मी लावतही नाही. सीट मात्र मला बसायला एक वर्ष लागलं, चाचा म्हणाला होता तसंच. धंदा माझा झाला, मेंढरं तात्याकडं राहिली. पुढं घोंगडी सुटली, मी सीटा बनवायला लागलो, आणि तात्याही सोलापुरात राहायला आला.

ती सीट चिंचोळीच्या शेडमध्ये माझ्या टेबलामागं टांगलेली असते. गेल्या महिन्यात तात्याची नात, अनू, शेडवर आली. आमचं भांडण ती मानत नाही. कॉलेजात शिकवते, रविवारी मैत्रिणींबरोबर शंभर शंभर किलोमीटर सायकल मारते, जेलची गादी आणि अस्तराची चड्डी असूनही दुखतं म्हणून सल्ला विचारायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "आजोबा, ती भिंतीवरची लावून बघू?" मी का हो म्हणालो कुणास ठाऊक. कारागिरानं तिच्या सायकलला सीट बसवून दिली. ती एमआयडीसीच्या रस्त्यानं गेली. दुपार होती, जेवणाची सुट्टी, रस्त्यावर माणूस नव्हतं.

अर्ध्या तासानं मला आवाज आला. कुईं, आणि गप्प, आणि कुईं. बाहेर आलो. अनू फाटकापाशी उभी होती, थोडी डावीकडं कललेली, डावा पाय जमिनीला टेकवून.

"जेलपेक्षा कितीतरी बरी आहे," ती म्हणाली.

"ये आत. पाणी घे."

"नको आजोबा. उतरावंसंच वाटत नाहीये."

माझ्या तोंडून निघालं, "कोण गेलं?"

ती हसली. "कोण जाणार? आमचे आजोबा घरी आहेत, सीटची ती सगळी गोष्ट लिहून मागतायत तुमच्याकडून. म्हणतात, एकदा विचार त्याला, सीट फुकट होती की नाही."

मी तिला खाली उतरवलं. दंडाला धरून उतरवलं, तिला लागलंही असेल. समोर उभं राहून पाणी प्यायला लावलं. सीट काढून कपाटात ठेवली, आणि त्याच चपलांनी तात्याच्या घरी गेलो.

तात्या खाटेवर बसला होता. मला दारात बघून त्याचा चेहरा उतरला. सात वर्षांनी मी आलो म्हणजे एकच कारण असणार.

"कोण गेलं रं?"

"कोण न्हाय. असाच आलो." दारातच उभा राहून मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. "सीट फुकट नव्हती. मी घोंगडं दिलं होतं तिला. जावळाचं."

"व्हय. दिलंस की," तात्या म्हणाला. "माझं."

त्या घोंगड्याबद्दल एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. ते विकायचं नव्हतं. मेंढरांबरोबर रानात निजताना लागेल म्हणून तात्यानं एका हंगामाचं सगळं जावळ साठवून ते स्वतःसाठी विणलं होतं. ते गठ्ठ्यात चुकून आलं असं मी तेव्हा सांगितलं आणि पुढंही सांगत आलो. चुकून आलं नव्हतं. चांगला माल वर दिसला की गठ्ठा खपतो, म्हणून मी घातलं होतं. त्या थंडीत तो रानात पोत्यावर निजला आणि मला एका शब्दानं बोलला नाही.

"त्या म्हाताऱ्यानं तुला वाखाणलं होतं," मी म्हणालो. "म्हणाला, इणणाऱ्याचा हात चांगला हाय."

"मग ते तवाच सांगायचं."

"राहिलं."

तो माझ्या पायांकडं बघत होता. उजवा आत आला होता, डावा अजून उंबऱ्याबाहेर होता.

"पाणी देऊ?" तो म्हणाला.

"थांब," मी म्हणालो, आणि आत जाऊन त्याच्याजवळ खाटेवर बसलो. नीट बसलो. मग म्हटलं, "आता दे."